अर्धा व्हिडिओ

लालबागच्या बसस्टॉपवर माझ्यापुढे एक बाई आणि शाळेच्या गणवेशातली तिची मुलगी उभी होती.

"स्पृहा, तो व्हिडिओ काढून टाकलास ना?"

"माझा काढला गं आई. पण लोकांनी सेव्ह केलाय."

"परुळेकर सरांनी मयूरला खस्सकन ओढलं, एवढंच दिसतं त्यात. तो गच्चीच्या कठड्यावर चढला होता, ते कुठाय?"

"ते मी कापलं. लांब व्हिडिओ कोणी बघत नाही."

"आणि शाळेने सरांना घरी बसवलं."

"मला काय माहीत असं होईल! काल मी पूर्ण व्हिडिओ टाकला ना."

"मग?"

"पहिला सगळ्या परळ-लालबागने बघितला. हा फक्त आपल्या घरातल्यांनी."

"आता सरांच्या पाया पड आणि खरं काय ते सांग. मग मुख्याध्यापकांकडे जाऊ."

"सर दार उघडतील ना गं?"

तेवढ्यात मागच्या माणसाच्या फोनमधून कुणाचं तरी जोरात ओरडणं ऐकू आलं. मुलगी दचकून वळली.

"काका, तो व्हिडिओ अर्धाच आहे. मीच काढलाय तो. सर त्याला वाचवत होते."

"अरे देवा! मी तर सकाळीच सगळ्या ग्रुपवर पाठवला."