शेपट्या फुटलेल्या चांदण्या

(जिंतूर, १९४७. दसरा नुकताच झालाय. अण्णाराव कापडवाल्यांच्या माळवदावर पोलीस अमीनसाहेब काचेची प्लेट उन्हाकडं धरून उभे आहेत. गंगम्मा, अण्णारावांची बायको, चहा घेऊन आली आहे.)

अमीन: ह्या चांदण्या हायत?

अण्णाराव: जी. काचेवर उलटं उमटतं साहेब, उजेड काळा दिसतो.

अमीन: काळ्या चांदण्या. मंजूर. पण हरेकीला शेपूट?

अण्णाराव: तेच कळंना झालंय.

अमीन: अण्णाराव, वर अर्जी गेली की तुमच्या माळवदावर तोफ हाय. तुमी म्हणलात, दुर्बीण हाय, चांदण्यांचा फोटू काढून सबूत देतो. हा सबूत पाठवला तर वरचे म्हणतील, तोफ चालली बी, अन् हे फुटलेले गोळे.

अण्णाराव: आभाळावर कशाला गोळे मारीन साहेब?

अमीन: वर सवाल विचारायचा रिवाज न्हाई. उद्या दुपारी येतो. साफ फोटू द्या. न्हाईतर दुर्बिणीची ही नळी परभणीला जाईल, अन् नळीबरोबर तुमी. चलतो.

गंगम्मा: चहा न घेताच गेले की. लय वाईट लक्षण.

अण्णाराव: दसऱ्याआधी मोहरीच्या दाण्यावानी गोल यायच्या गं. नळी फिरवताना हात हलला असता तर सरळ रेघ उमटली असती. नळीची नजर नेमकी जुळली नसती तर नुसता धुरकट गोळा. ह्या शेपट्या सगळ्या एकाच अंगाला. म्हंजे नळीच्या तळाला बसवलेल्या आरशाची मान मुरगळलीय. कुणी हात लावला का?

गंगम्मा: कोन लावंल? खंडेनवमीला पुजली तेवढी.

अण्णाराव: काय पुजली?

गंगम्मा: नळी. दुकानातला गज पुजला, कात्री पुजली, अन् हिलाच सोडू? वरीसभर तिच्यापुढंच तर बसलेले असता. विभूती लावली, फूल वाहिलं.

अण्णाराव: आरशाला विभूती?

गंगम्मा: येडी हाय का मी? पाठीमागं लावली. तिथं तीन स्क्रू ढिले लागले. ढिलं हत्यार पूजेत मांडतात होय? कात्रीचा आवळला, तसे हेबी आवळले.

अण्णाराव: किती?

गंगम्मा: गच्च. एक गंजलेला होता, त्याला जरा जास्तीच जोर लावला.

अण्णाराव: अगं, ते ढिलेच ठेवायचे असतात! त्यांच्यावरच आरसा तोलून धरलेला असतो.

गंगम्मा: मग सांगून ठेवायचं. मला वाटलं, तुमचं ध्यान न्हाई.

अण्णाराव: बरं, ये इकडं. ह्या भोकाला डोळा लाव. काय दिसतं?

गंगम्मा: मोठा आरसा. त्यात बारका. अन् त्यात... अगं बाई, माझाच डोळा. पार कडंला गेलाय.

अण्णाराव: तो मधोमध आला पाहिजे. मी मागून स्क्रू सोडतो, तू सांग.

गंगम्मा: आणखी कडंला चाललाय. उलटं फिरवा. हां. आता आत यायलाय. हळू, कापड फाडल्यावानी नका करू... अहो, गोल आल्या म्हंजे सोडतील ना तुमाला?

अण्णाराव: शेपट्या आल्या तर म्हणतील, गोळे फुटले. गोल आल्या तर म्हणतील, फुटायचे बाकी हायत.

गंगम्मा: थट्टा करू नका.

अण्णाराव: थट्टा न्हाई. अर्जी कुणी दिली ते ठाऊक न्हाई. वरच्यांनी काय ठरवलंय तेबी ठाऊक न्हाई. प्लेट एकच उरलीय.

गंगम्मा: मग ही सगळी खटपट कशापायी?

अण्णाराव: चांदण्या वाकड्या न्हाईत गं. त्यांच्यावर तरी खोटा आळ नको.

गंगम्मा: ...परभणीला आता थंडी सुटली असंल. घोंगडी बांधून ठेवते. फिरवा तुमी. मी बघायले.