यंदाचा शिमगा

अंधेरीच्या इस्पितळात वनमालाबाई बाकावर नंबरची वाट पाहत बसल्या होत्या. मागच्या बाकावर एक जोडपं वाद घालत होतं, आणि नको म्हटलं तरी सगळं ऐकू येत होतं.

“आज ऑपरेशनची तारीख घेतल्याशिवाय इथून हलायचं नाही, सांगून ठेवते.”

“सगुणा, साधी जांघेतली गाठ ती. उभा राहिलो की येते, आडवा झालो की आत जाते.”

“त्यालाच अंतर्गळ म्हणतात! गेल्या वर्षी डॉक्टर ओरडले, वजन उचलू नका. तुम्ही काय केलंत? पट्टा आवळून गावी गेलात नि देवाची पालखी खांद्यावर घेऊन नाचलात!”

“आपल्या घराण्याचा मान आहे तो. एवढा यंदाचा शिमगा होऊ दे. मिलमध्ये रजा टाकलीय, उद्याची एस्टी आहे.”

“दर वर्षी यंदाचाच शिमगा!”

“ओरडू नको गं. कळ येते.”

“कधीपासून?”

“सकाळपासून. दोनदा उलटी झाली.”

“आणि आत्ता सांगताय? गाठ आत गेली का?”

“नाय. दगडासारखी झालीय.”

वनमालाबाई मागे वळल्या.

“बाई, माझा पुढचाच नंबर आहे. हा घ्या कागद, आधी यांना आत न्या.”

“उपकार झाले. उठा हो!”

“अगं, पण परवा पालखीला खांदा कोण देणार?”

“मी देते.”

“बाईमाणूस? गावात कधी झालंय का असं?”

“नसेल झालं. पण मला अंतर्गळ नाही. चला!”