‘ॲलर्जी नाही’ हे उत्तर कुणाचं?

समारंभाचे अध्यक्ष माननीय उदयसिंह साहेब, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, सत्कारमूर्ती शशिधर सर, वहिनी आणि इस्पितळातील माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना सविनय नमस्कार.

मी दानेश्वरी. हल्ली नोंदणीच्या खिडकीवर बसते. आधी सरांच्या संगणक विभागात होते. चंदगडहून आले तेव्हा प्रोग्राम लिहायला सरांनी शिकवलं, वहिनींनी जेवू घातलं. हे अगोदर सांगते, कारण पुढचं सांगणं जड जाणार आहे.

रुग्णाचं नाव टाकलं की त्याला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते दाखवणारा प्रोग्राम आम्ही करत होतो. आणि नाव सापडलंच नाही तर? मी लिहिलं होतं, ‘नोंद सापडली नाही’. सर म्हणाले, “असं दिसलं की डॉक्टर माझ्या नावानं ओरडत्यात. तिथं ‘ॲलर्जी नाही’ येऊ दे की.”

“सर, नोंद नसणं वेगळं आणि ॲलर्जी नसणं वेगळं.”

“ऊठ जरा,” म्हणाले, आणि माझ्याच खुर्चीत बसून, माझ्या नावानं उघडलेल्या संगणकावर त्यांनी ते बदललं.

पुढं कबनूरचे यंत्रमाग कामगार लालासाब बेशुद्ध अवस्थेत आले. जुनी नोंद ‘लालासाब’ अशी, या वेळी कुणी ‘लालासाहेब’ टाकलं. पडद्यावर आलं, ‘ॲलर्जी नाही’. इंजेक्शन दिलं आणि त्यांचा श्वास कोंडला. त्यांच्या पत्नी बेगमचाची दारात आक्रोश करत होत्या, “ह्यास्नी त्ये चालत न्हाय! मागल्या खेपेला हितंच सांगितलंतं की!” डॉक्टरांनी शर्थ केली, म्हणून ते वाचले.

चौकशीत उदयसिंह साहेबांनी विचारलं, “हे बदललं कुणी?”

मी सरांकडे पाहिलं. मान खाली घालून सर म्हणाले, “संगणकावर दानेश्वरीचं नाव दिसतंय.”

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. पण सर, एकदा माझ्याकडं बघितलं तरी असतं?

माझी बदली नोंदणीच्या खिडकीवर झाली. बेगमचाची नंतर तिथं आल्या. “तूच केलंस व्हय, पोरी?” मी घडलं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग त्यो का बोलला न्हाय?”

प्रोग्राममधली ती ओळ आता काढली आहे. माझी बदली तशीच आहे. परवा सरच म्हणाले, “निरोपाला बोल की चार शब्द.” त्यांना नाही म्हणणं मला आजही जमलं नाही.

सरांना शाल देण्यासाठी माझं नाव पुकारलं जाणार आहे. तेवढं मात्र दुसऱ्या कुणीतरी करावं. आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. सभेचा मान राखण्यात काही उणं राहिलं असेल, तर वडीलधाऱ्यांनी पोटात घालावं.