मोठ्या भुंगेऱ्यावरचे सात माइट

नाही नाही, तो स्टूल नको, तो डुगडुगतो — हा घ्या. आणि स्लाइड काठाला धरा हं मॅडम, मधे बोट लागलं की संपलं. तुम्हाला येतं सगळं, दिसतंय मला, पण इतकी वर्षं सांगून सांगून तोंडाला सवय झालीय. हं, हीच ती, एकेचाळीस नंबर. बघा निवांत. पाच वाजेपर्यंत मी आहेच, आज कोणी येणार नाही इकडे, सगळे वर हॉलमध्ये — सरांचा निरोप समारंभ ना. मला बोलावलं नाही असं नाही हं, बोलावलं होतं, खुर्च्या मांडायला. मांडून आले.

काय म्हणालात? तीनशे बारा? तीनशे बारा मोठे भुंगेरे, एकेकाच्या पाठीवरचं टणक झाकण उचलून, आणि एकावरही हा गोचिडीसारखा बारीक माइट नाही? मग नीट बघितलं नसेल. रागावू नका, मी आपलं म्हटलं. सर असते तर त्यांनीही हेच म्हटलं असतं — फक्त त्यांनी चष्मा काढून म्हटलं असतं. आता सूक्ष्मदर्शकाचं भिंग वाढवा जरा. माइटच्या पाठीवरची ढाल दिसली? मागे निमुळती होत गेलेली? आता केस मोजा. डावीकडून सुरुवात करा, नाहीतर मोजणी चुकते. सव्वीस जोड्या, आणि शेवटची जोडी बाकीच्यांच्या दुप्पट लांब. या एवढ्याशा जिवाची ओळख म्हणजे तेवढीच — केस आणि ढाल, बाकी सगळे सारखेच दिसतात. ती शेवटची जोडी कुणी पाहिली पहिल्यांदा? सरांनी? सरांना तेव्हा मोतीबिंदू होता! दोन्ही डोळ्यांत! मी पाहिली. याच टेबलावर, ह्याच खुर्चीत.

स्लाइडवरचं अक्षर बघा कुणाचं आहे ते. बघा ना. आणि आता तुमच्याकडचा तो पेपर काढा, बावीस वर्षांपूर्वीचा, आणि त्यात शोधा मला. नाही सापडायची. शेवटी एक ओळ आहे — प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांचे आभार. कर्मचारी म्हणजे मी आणि बाटल्या धुणारे काका, आम्ही दोघं मिळून एक ओळ. आणि माइटला नाव कुणाचं दिलं? बाईसाहेबांचं, सरांच्या बायकोचं! त्या बाई साधं झुरळ दिसलं तरी पलंगावर चढायच्या. लोक हसतात, म्हणतात, माइटला आपलं नाव हवंय कुणाला? मला हवं होतं. खरं सांगते, फार हवं होतं.

तीनशे बारा म्हणालात ना मघाशी? एवढं काम कुणी करत नाही हो. आणि भुंगेरे वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवलेत? प्रत्येकाला वेगळी? शाबास. हे मात्र कधी चुकवू नका — एक भुंगेरा, एक बाटली. हे माइट बसतात भुंगेऱ्याच्या पाठीवरच्या झाकणाखाली, ऊब असते, ओल असते, अंगाखालचा भुंगेरा मेला, गार पडला की निघतात चालायला. शेजारी जो असेल त्याच्या अंगावर. मग तुम्ही झाकण उचलणार आणि म्हणणार, अरे वा, हा इथलाच. पहिल्या दिवशी शिकवतात हे. मलाही शिकवलं होतं. मी पुढे पन्नास जणांना शिकवलं.

त्या शनिवारी बाटली एकच होती. रिकाम्या बाटल्यांचं खोकं सरांच्या कपाटात आणि किल्ली सरांच्या खिशात, सर गावाला. किडे पडावेत म्हणून जमिनीत पुरलेल्या डब्यात दोन भुंगेरे सापडले होते, एक हा मोठा काळा आणि एक छोटा तपकिरी, अंगठ्याच्या नखाएवढा — तेवढ्यात घरून फोन. सासूबाई न्हाणीघरात पडल्या. झालं, दोघांना एका बाटलीत टाकलं, बूच लावलं आणि धावत सुटले. म्हटलं, सोमवारी बघू. घरी जाऊन बघते तर काय, पाय मुरगळलेला नुसता, आणि सासूबाई पलंगावर बसून मलाच विचारतायत, एवढ्या लवकर कशी आलीस?

सोमवारी बाटलीत एकच भुंगेरा. छोट्याचे पाय पडलेले खाली आणि त्याच्या पाठीवरच्या झाकणाचे दोन तुकडे, बाकी खाल्लेला. मोठे खातातच हो, त्यांचं पोटच त्यावर. आणि मोठ्याच्या पाठीखाली सात माइट, टवटवीत. मला काय वाटलं तेव्हा? मला काहीच वाटलं नाही. म्हणजे — वाटलं, पण मी ते ऐकलं नाही. सरांकडे नेले, सरांनी मला भिंगातून केस मोजायला लावले, तीनदा, आणि म्हणाले, शाबास. चौदा वर्षांत पहिलं शाबास. म्हणाले, पेपरवर दुसरं नाव तुझं. आता अशा वेळी तुम्ही सांगितलं असतंत? की सर, बाटलीत दोन होते म्हणून? सांगाल हो तुम्ही. तुमचं नाव येतंय सगळीकडे.

मग पेपर छापून आला. तेव्हा म्हटलं, नाव माझं नाही ना? मग चूकही माझी नाही. बसा तुमच्या मोठ्या भुंगेऱ्यावर. पुढच्या उन्हाळ्यात मी गुपचूप छोटे धरले, वीस, एकेक बाटली एकेकाला — अकरांवर निघाले. मोठे साठ धरले, एकावर नाही. वहीत लिहून ठेवलं, तारखेसकट. आणि वही मिटली. हो, आहे वही. तुमच्या गुडघ्यासमोरच्या खणात. तिच्यात कागदाच्या पुडीत ते झाकणाचे दोन तुकडेही आहेत, पहिल्या छोट्याचे, फेकवले नाहीत मला. नका उघडू. थांबा जरा.

तो स्टूल नको का म्हटलं तुम्हाला? डुगडुगत नाही तो. तिथे एक मुलगी बसायची, सरांची विद्यार्थिनी, तुमच्याच वयाची, वेणी पाठीवर आणि पेन्सिल दातात. तिला सरांनी विषय दिला — हाच माइट आणि हाच मोठा भुंगेरा, त्यांचं कसं जमतं ते शोध. तीन वर्षं! तीन वर्षं झाकणं उचलत होती. सर सगळ्यांसमोर म्हणायचे, तुला बघताच येत नाही. त्या बेसिनपाशी नळ सोडून रडायची, म्हणजे आवाज येऊ नये, पण येतोच ना. एकदा माझ्याकडे वळून म्हणाली, मावशी, तुम्हीच काढलेत ना ते पहिले, सांगा ना, माझं काय चुकतंय? मावशी म्हणायची मला, आणि मी — मी तिला चहा आणून दिला. आणि म्हटलं, नीट बघ गं बाळा, नीट बघितलं की दिसतं.

सोडून गेली. सरांचं काय गेलं? काही नाही. मला सरांना धडा शिकवायचा होता आणि सर तर वर हार घालून बसलेत. कुठे असते ती, काय करते, मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणीतरी सांगितलं असतं.

नका बघू माझ्याकडे अशा. उघडा खण. उघड गं, उघड, घे ती वही, पान तेहतीस. तुझे तीनशे बारा बरोबर आहेत. तुला बघता येतं. झालं समाधान?

आता काय लिहिताय? काय? माझं नाव? पूर्ण नाव? पेपरात घालणार — ही नोंद कुणी केली, ती बाटली कुणी भरली, त्या शनिवारी —

बावीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं हो कुणी. पण छापायचं कशासाठी माझं नाव? या चुकीसाठी?

नाही, लिहा. लिहाच. पण आधी तिचं लिहा, स्टूलवरच्या मुलीचं, माझ्या वर. सांगते, दोन्ही सांगते, सावकाश लिहा. आणि मग उठा मॅडम, पाच वाजले, मला वरच्या खुर्च्या उचलायच्यात.