तेल तिला, ऊन मला

माझं माहेर कशेडीच्या पायथ्याला, आणि सासर इकडं पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या घाटाकडं तोंड करून चालायला लागलं की उजव्या हाताला जी वाडी दिसते ना, ती. दोन्हीकडं डोंगरच, त्यामुळं सपाटीवर चालायचं मला अजून जमत नाय, महाडच्या बाजारात गेली तरी मी चढ चढल्यासारखे पाय उचलून उचलून टाकते, नातवंडं हसतात. हसू देत. बापाकडं नाचणी, सासऱ्याकडं पण नाचणी, खाली घळीत थोडं भात, आणि सासरी दोन भाऊ, थोरले आमचे हे, ते शेतात, आणि धाकटे भावजी मुंबईला गोदीत कामाला. मी थोरली. थोरली म्हंजे काय, तर सगळ्यांच्या आधी उठायचं आणि सगळ्यांच्या मागनं जेवायचं, आणखी काय सांगू तुमाला, लिवून घेताय तर घ्या.

धाकटी जाव आली ती महाडची, पेठेत वाढलेली, नाव इंदू. गोरी. म्हंजे नुसती गोरी नाय, हात धरला तर आतली निळी शीर दिसायची. मी तिला पयल्यांदा बघितली तवाच माझ्या मनात आलं, हिच्याशी माझं काय जमायचं नाय. तिनं माझं काय वाकडं केलं नव्हतं, उलट अक्का अक्का करीत माझ्या मागं यायची, पण सासू तिला हाक मारायची ती इंदू गो अशी, आणि मला हाक मारायची ती अगं ए. माझं नाव सगुणा हाय हे त्या घरात कोणाला म्हायती व्हतं का, देव जाणे. लगीन झाल्यावर भावजी तिला मुंबईला घेऊन गेले, मला बरं वाटलं.

माझं पयलं पोर झालं ते गेलं. मुलगा व्हता. बारसं झालं, कानात नाव पडलं आणि महिन्याभरात तापानं गेला. सासू काय बोलली नाय, पण काय बोलली नाय हेच मला लागलं. मंग पुन्हा दिवस गेले तवा मी नुसती भिऊन. रानात जायची, भारा आणायची, शेण काढायची, पण एक हात सारखा पोटावर. आणि नेमकं तवाच मुंबईहून इंदू आली, तिला पण दिवस गेलेले. माझ्यामागनं थोडे दिवस, एवढाच फरक.

ती आली ती कशी, तर भरली घागर कमरेवर घेतल्यासारखी एका अंगानं चालत. कंबर दुखते बोलायची, मांड्या दुखतात बोलायची, खाली बसली की उठताना जमिनीला हात टेकायची. मुंबईची खोली अंधारी व्हती, दिवसा पण दिवा लावायला लागायचा असं सांगायची. तिकडच्या डॉक्टरनं तिला एक बाटली दिलेली, तपकिरी काचेची, वरती माशाचं चित्र. माशाच्या काळजाचं तेल. रोज सकाळी एक चमचा. चमचा पण तिकडूनच आलेला, पांढरा चकचकीत, आमच्याकडं तवा पळ्याच.

आता हे बघा, सासूनं काय केलं. सकाळी चूल पेटली की पयलं काम ते. बाटली फडताळातनं काढायची, चमचा पदराला पुसायचा, तेल ओतायचं, आणि इंदूची हनुवटी धरून स्वतःच्या हातानं तिच्या तोंडात घालायचं. इंदू नाक दाबायची, डोळ्यांतनं पाणी काढायची, नको नको करायची. सासू कानाशी वाकून काय तरी पुटपुटायची आणि मंग ती गिळायची. वरनं गुळाचा खडा. मी बाजूला भाकरी थापीत. माझ्या हातातली भाकरी फाटायची, एवढं मला लागायचं. मला पण पोट व्हतंच ना. माझं तर एक पोर गेलेलं, मला नको का.

एके दिवशी मी सरळ विचारलं. आत्याबाई, मला पण एक चमचा द्या. सासूनं माझ्याकडं असं बघितलं जसं म्हशीनं भात मागितला. बोलली, तुला कशाला, तू डोंगरातली, तुला काय धाड भरली हाय. आणि ते तिच्या नवऱ्यानं पाठवलंय. मी बोलली, तिचा नवरा मुंबईला भाकरी खातो ती नाचणी माझा नवरा पिकवतो, तवा नाय कोण बोलत हे कोणाचं ते कोणाचं. मंग झालं, दोन दिवस घरात माझ्याशी कोण बोलेना. आमच्या ह्यांनी पण मला समजावलं, तेलच हाय गो, जाऊ दे. पुरुषांना काय कळतं. तेलाचा प्रश्न नव्हताच.

आणि वर आणखी एक. सासूच्या डोक्यात बसलेलं, इंदूचं पोर गोरं व्हणार. म्हणून तिला उन्हात जाऊ द्यायची नाय. माजघरात एक खिडकी, हातभर, तिच्यापाशी तिला बसवायची, वाती वळ, तांदूळ निवड. अंगणात पाय टाकला की ओरडायची, काळं व्हईल गो पोर, आत चल. मला मात्र वैशाखात वरच्या वरकस जमिनीवर पालापाचोळा जाळायला, भाजणीला. माझं पोर काळं झालं तर कोणाचं काय जात व्हतं. तेल तिला, सावली तिला, मला ऊन. मी डोक्यावर भारा घेऊन खाली उतरायची तवा खिडकीत तिचं तोंड दिसायचं, मी मान वळवायची.

मंग पाऊस लागला. आमच्याकडचा पाऊस तुमी बघितला नसंल, महिना महिना सूर्य म्हणून दिसत नाय, घरातलं मीठ पाणी व्हतं. तशात श्रावण आला. आमच्या घरात श्रावण कडक. सुकटीचं मडकं सुद्धा गोठ्यात जायचं, ते थेट गौरीला तिखटाचा, म्हंजे मासळीचा, निवद दाखवला की मंग परत घरात. सासूनं सुकटीचं मडकं काढलं, बोंबलांची माळ काढली, आणि फडताळासमोर उभी राह्यली. बाटलीवर मासा. बराच वेळ उभी व्हती बिचारी. बिचारीच म्हणते, तिला पण काय कळणार. मंग बाटली फडक्यात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली, बोलली गोठ्यात ठेव, गौरीनंतर बघू. इंदू तर खूश झाली, तिला त्या वासापासनं सुटका.

मी पण खूश झाली. का नाय व्हावं. आता दोघी सारख्या.

गोठ्यात शेण काढायला जायची मीच. बाटली कोनाड्यात, माझ्या हाताशी. सांजसकाळ मला दिसायची. चोरून प्यायली असती तर कोणाला पत्ता लागणार नव्हता. पण मी बोट लावलं नाय, आणि ते काय मी साधी म्हणून नाय. मला चोरून नकोच व्हतं. मला सासूच्या हातनं पायजे व्हतं, हनुवटी धरून, पदराला चमचा पुसून.

गणपती आले तवर इंदूला माजघराचा उंबरा ओलांडता येईना. पाय उचलायला जायची आणि पाय उचलायचाच नाय, दोन्ही हातांनी मांडी धरून उचलायची. रात्री कूस बदलताना कळ यायची तिला. सासूला वाटलं बाहेरचं काय तरी झालं, अंगारा लावला. गौरी जेवल्या, मासळी घरात आली, बाटली पण आली, पण आता सासू घाबरली. गावातल्या चौघांनी डोली केली, तिला पोलादपूरला उतरवली, तिथनं एसटीनं महाडला. मी पण गेली, कारण तिला उचलायला बाई पायजे. ती डोलीत, आणि मी माझं पोट घेऊन मागनं चालत. चिखलातनं. कोणाच्या मनात आलं नाय की हिला पण नववा लागत आलाय.

डॉक्टर म्हातारे व्हते, हळू बोलायचे. इंदूचं मुंबईचं सगळं ऐकून घेतलं, कमरेला दाबलं, ती कळवळली. विचारलं, तेल घेतेस का. सासू बोलली, श्रावण व्हता. ते काय रागावले नाहीत. मंग विचारलं, आणि उन्हात जाते का. सासू बोलली, नाय हो, कशी जाईल, पोर काळं व्हईल ना. तवा त्यांनी चश्मा काढून ठेवला आणि सासूला समजावलं, आजी, ह्या तेलात जे आहे तेच उन्हातनं अंगाला मिळतं, ड जीवनसत्त्व म्हणतात, ते नसलं की हाडं मऊ पडतात. मुंबईच्या खोलीत हिला ऊन नव्हतं म्हणून तर तेल दिलं. तुम्ही ऊनही दिलं नाही आणि तेलही बंद केलं.

सासूचं तोंड एवढंसं झालं. मला, खोटं कशाला बोलू, थंड वाटलं.

मंग त्यांनी माझ्याकडं बघितलं. तू कशी आलीस, चालत? मी हो बोलली. त्यांनी माझी नडगी दाबली, दुखतं का बोलले, मी नाय बोलली. हसले. सासूला बोलले, हिची हाडं बघा, डोंगर चढून उतरून उन्हानं पक्की केलीत. पण हिलाही चमचा द्या, पावसात हिलाही ऊन नव्हतं. सासू बोलली, हिला कशाला, ही धड हाय.

डॉक्टर बोलले, "आजी, पोटं दोन आहेत, तर चमचेही दोन."

हे वाक्य मी अजून विसरली नाय. त्या माणसाचं घर भरलेलं राहो.

आमी घरी परतलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटली. सासूनं बाटली काढली, इंदूला दिलं. मंग चमचा पदराला पुसला आणि मला बोलली, अगं ए, इकडं ये. हनुवटी नाय धरली, तोंडाशी चमचा तेवढा आणला. काय सांगू तुमाला त्याचा वास, सडक्या माशात एरंडेल ओतल्यासारखा. पण इंदू माझ्याकडं बघत व्हती. मी गिळलं. नाक दाबलं नाय, गूळ मागितला नाय, चमचा चाटून परत दिला. सासू बोलली, काय गो, तुला वास नाय आला? मी बोलली, कसला वास.

पण माझं सुख किती दिवस टिकणार. अश्विनाचं ऊन पडलं आणि सासूनं इंदूला खळ्यात, म्हंजे अंगणातच, आणून बसवली, घोंगडी घालून. ऊन सरकलं की घोंगडी सरकवायची, पाय उघडे ठेव बोलायची. गोरं पोर बिर सगळं विसरली. मी वर नाचणी कापीत, वरनं मला दिसायचं. ऊन तेवढं माझं एकटीचं व्हतं त्या घरात, ते पण गेलं.

कार्तिकात मी बाळंत झाली, घरीच, सुईण येईपर्यंत सुद्धा थांबली नाय. मुलगी. शेवंती. नडगीवर चापट मारली की आवाज यावा अशी घट्ट. तिकडं इंदूला महाडच्या दवाखान्यात ठेवली, तिची वाट अरुंद झालेली, पोट फाडून मुलगा काढला, दोघं वाचली. सासू तिच्यापाशी महाडला राह्यली पुरता महिना. माझ्या शेवंतीला पयलं न्हाऊ घातलं ते शेजारणीनं. लोक बोलायचे, थोरलीचं काय, ती दगड हाय, तिला काय लागत नाय. मला काय लागत नाय हे कोणी विचारून ठरवलं, सांगा. पण शेवंती जगली. महिना उलटला तवा मी रात्रीची उठून तिच्या नाकाशी हात धरायची. वरीस उलटलं तवा मी रडली.

आता सासू कधीचीच गेली, आमचे हे गेले, भावजी गेले. इंदू मुंबई सोडून परत आली ती कायमचीच. आमी दोघीच घरात. सकाळी खळ्यात भिंतीपाशी पयलं ऊन येतं ती जागा एकच, म्हणून मी आधी उठून ती धरते. ती येते काठी टेकत, बोलते, सरक ना अक्का. मी सरकत नाय लगेच.

परवा शेवंतीच्या नातीचा फोन आला बिरवाडीहून, तिचा नवरा तिकडं कारखान्यात हाय, तिला दिवस गेलेत. बोलते, पणजी, डॉक्टरनं गोळ्या दिल्यात, उन्हाच्या गोळ्या. मी बोलली, घे गो बाय, न चुकता घे, वास येत नाय ना, तू नशिबाची. इंदूला सांगितलं तर ती हसायला लागली. हसता हसता बोलली, अक्का, मी खिडकीतनं तुला बघून रडायची, म्हायती हाय का? डोक्यावर एवढा भारा, पोट एवढं, आणि तू सरळ चालत यायची. मला तुझा राग यायचा. आणि आत्याबाई रोज चमचा तोंडाशी धरून कानात तेच बोलायच्या.

मी बोलली, काय बोलायच्या.

ती बोलली, "गीळ गो, म्हंजे माझ्या सगुणासारखी उभी राहशील."

माझी सगुणा. मी तिथंच बाजूला भाकरी थापीत व्हती, दोन हातांच्या अंतरावर. एवढी वर्षं मी त्या घरात मेली, माझं नाव सासूच्या तोंडातनं एकदा ऐकलं नाय, आणि ही रोज ऐकत व्हती, गुळाबरोबर. तेल तिला दिलं ते दिलं, माझं कौतुक पण तिलाच दिलं. त्या दिवशी मी इंदूशी बोलली नाय, चहा पण एकटीचाच केला.

आता राग धरून कुठं जायचं, दोघींचे दिवस किती राह्यलेत. तुमी पोरीबाळी सुखी राहा, कोणाला काय चांगलं बोलायचं असंल तर तिच्या तोंडावर बोला, एवढंच लिवा माझ्या नावानं. सगुणा लिवा. मी सकाळी उन्हाची जागा आता इंदूला देते, पण फुकट नाय देत. ती काठी टेकत आली की मी बोलते, सांग परत, काय बोलायची सासू. ती सांगते, आणि मंग मी सरकते.