सोनं नको, मीठ आणा

(शनिवारची सकाळ. टिली आणि तिचे आजोबा, म्हणजे तिचे ओपा, न्याहारीला बसले आहेत.)

टिली : खेळातलं अख्खं गाव विकत घेतलं त्यांनी, ओपा. खाणावळ, गिरणी, पूल. चर्चची घंटासुद्धा.

ओपा : घंटा कशाला?

टिली : वाजवायला! पाहुआ म्हणाली, खेळाच्या पुस्तकात घंटेची किंमत दिलीय, पिशवीत मोहरा आहेत, मग का नको? आणि पंधरा मिनिटं तिघं नुसती टणटण करत बसली.

ओपा : आधी हा पावाचा रोल खा. लोणी लाव भरपूर. आता नीट सांग, तुमच्या त्या फाशांच्या खेळात मी अडाणी. एवढ्या मोहरा आल्या कुठून?

टिली : ड्रॅगनच्या गुहेतून. मागच्या महिन्यात त्यांनी ड्रॅगन मारला ना. मी सूत्रधार, गुहेत काय आहे ते मीच लिहायचं. लिहिलं, चाळीस हजार मोहरा. आकडा छान वाटला.

ओपा : आणि आता?

टिली : आता त्यांना कशाचीच भीती नाही. दुष्ट राजा आला की म्हणतात, सैन्य विकत घेऊ. वादळ आलं की म्हणतात, दुसरं जहाज घेऊ. पाहुआ टेबलाखाली फोन बघत बसते. काल शाळेत तोंडावर म्हणाली, उद्या मजा आली नाही तर पुढच्या शनिवारपासून मी ग्रेडीच्या टेबलावर, त्याचा खेळ खेळायला. ती गेली की वेंडेल आणि जूनही जाणार. आणि तीन खेळाडू नसतील तर वाचनालय टेबल देत नाही.

ओपा : म्हणजे तुझं जग बंद.

टिली : दोन वर्षं काढतेय मी तो नकाशा.

ओपा : किती वाजता बसायचंय?

टिली : दोन. पण मी ठरवलंय काय करायचं ते. चोर पाठवते. सकाळी उठून बघतात तर सोनं गायब.

ओपा : सोनं त्यांनी जिंकलं होतं ना?

टिली : हो. जून तर मरता मरता वाचला.

ओपा : मग ते त्यांचं. जिंकलेलं तूच काढून घेतलंस, तर पुढच्या ड्रॅगनसमोर कोण कशाला उभं राहील?

टिली : बरं, मग सगळ्या किमती दसपट करते.

ओपा : का वाढल्या, असं पाहुआनं विचारलं तर?

टिली : मी सूत्रधार आहे, म्हणून.

ओपा : तिची आई उन्हाळाभर बाजारात भाजी विकते. ती पोरगी सात वर्षांची असल्यापासून गल्ल्यावर बसलेली मी बघतोय. तिला तू असं सांगणार?

टिली : नाही. ती हसेल.

ओपा : हसेल आणि ग्रेडीकडे जाईल. हे बघ, चाळीस वर्षं मी शेतांवरचे लिलाव पुकारले. एकदा लग्नातला चिनी मातीचा सेट, सोनेरी कडांचा, एक कपही फुटलेला नाही, दोन डॉलरला गेला. आणि त्याच दिवशी दुधाचा एक गंजका कॅन गेला नव्वदला.

टिली : गंजका?

ओपा : बुडाला भोक होतं. पण दोन भावांना तोच हवा होता, आईचा म्हणून. कॅन तोच गं, समोर कोण उभं आहे त्याला महत्त्व. तेव्हा ते किमतींचं पुस्तक मिट, आणि सांग बघू, तुझ्या गावात कोंबड्या किती?

टिली : कोंबड्या? ओपा, मी ड्रॅगनचे दात मोजलेत. कोंबड्या नाही मोजल्या.

ओपा : मोज आता. घरं किती?

टिली : साठ. घरटी चार कोंबड्या धरल्या तर दोनशे चाळीस.

ओपा : दिवस कुठले चाललेत तिथं?

टिली : नोव्हेंबर. आपल्यासारखेच.

ओपा : मग ऊन कमी, अंडी कमी. रोजची साठ धर. आणि खाणारी तोंडं?

टिली : घरात पाच-पाच. तीनशे. तीनशे तोंडं आणि साठ अंडी.

ओपा : आता पाहुआ स्वयंपाकिणीसमोर मोहर नाचवते आणि म्हणते, अंडं दे.

टिली : स्वयंपाकीण म्हणेल... पण तिच्याकडे मोहरा आहेतच की. पाहुआनंच वाटल्यात. शेजारणीकडेही आहेत. सगळ्यांकडे आहेत! मग आणखी एक घेऊन ती करणार काय? ओपा!

ओपा : हळू. रोल पडला.

टिली : सोनं काढून घ्यायचंच नाही! सोनंच जास्त झालंय!

ओपा : अर्धं सापडलं. आता मला सांग, त्यांनी जे काही विकत घेतलं, त्यात बाकीच्या लोकांच्या रोजच्या उपयोगाचं काय होतं?

टिली : पूल. पाहुआनं त्यावर टोल लावला. गाडीमागे दहा मोहरा. मोठी पाटी लावली आणि खूप हसली.

ओपा : पुलावरून काय यायचं गावात?

टिली : थांब, नकाशात लिहिलंय मी. लोकर जाते बाहेर. आणि आत येतं... मीठ. समुद्राकडून.

ओपा : माझे आजोबा नोव्हेंबरात डुकरं कापायचे.

टिली : आणि मांस मिठात घालायचे, हिवाळ्यासाठी. मीठ आलं नाही तर... ओपा, गाव उपाशी मरेल. सोन्यावर बसून!

ओपा : मी काही बोललो नाही हं.

टिली : तिनंच केलंय हे सगळं. मला काही करावंच लागणार नाही!

ओपा : फक्त एक कर. कुणी किंमत विचारली तर आकडा सांगू नकोस. मी कधी सांगत नसे. मी विचारायचो, "काय देता?" आणि गप्प बसायचो. ते गप्प बसणं फार अवघड असतं, आधीच सांगून ठेवतो.

(दुपारी, वाचनालयाचं तळघर. टेबलाभोवती टिली, पाहुआ, वेंडेल आणि जून. ओपा भिंतीपाशी वर्तमानपत्र उघडून बसले आहेत.)

पाहुआ : आम्ही उठतो आणि न्याहारी मागवतो. खाणावळ माझीच आहे. तिघांना अंडी, पाव आणि सॉसेज. मग राजाचा किल्ला घ्यायला निघू. कितीला आहे तो?

टिली : स्वयंपाकीण म्हणते, "पाव आहे, बाईसाहेब. अंडी नाहीत."

पाहुआ : विकत आण म्हणावं.

टिली : "कुणी विकत नाही."

पाहुआ : अंड्याला एक मोहर. वेंडेल, हसू नकोस. बरं, दहा.

टिली : ती कपाट उघडते. आत तू दिलेल्या मोहरांचं मडकं काठोकाठ भरलंय. "ह्यात आता मावत नाहीत, बाईसाहेब. काल गिरणीवाली माझ्या कोंबडीच्या अंड्याला वीस देत होती. मीही नाही दिलं. घरात चार पोरं आहेत."

पाहुआ : पुस्तकात अंड्याला एक तांब्याचं नाणं आहे. पान बावन्न. तू मुद्दाम वाढवलंस, टिली.

टिली : मी काहीच वाढवलं नाही. गावात मोहरा कुणी वाढवल्या?

पाहुआ : आम्ही. तीस हजार तरी वाटल्या असतील.

टिली : आणि अंडी?

पाहुआ : अंडी कशी वाढतील, कोंबड्या काय... थांब. थांब, थांब. ऑगस्टमध्ये सगळ्यांच्याच परसात झुकिनी येते, दुधीसारखी, ढिगानं. तेव्हा आईनं ती फुकट दिली तरी लोक घेत नाहीत. शेजारी तर रात्री आमच्या दारात झुकिनी ठेवून पळतात. आपलं सोनं ऑगस्टची झुकिनी झालंय! जून, फोन ठेव. खरंच ठेव. टिली, ह्या बाईला काय हवंय?

टिली : "मीठ, बाईसाहेब. डुक्कर कापून टांगलंय. थंडी अजून धड पडली नाही. चार दिवसांत वास मारेल, मग हिवाळाभर काय खायचं?"

पाहुआ : मीठवाले आले नाहीत का?

टिली : "आले होते की. पुलाशी पाटी वाचली आणि मागे फिरले."

पाहुआ : कसली पाटी?

टिली : "तुमची."

पाहुआ : वेंडेल, घोडे काढ. मिठाच्या गाड्या गाठायच्यात.

टिली : संध्याकाळी तुम्हाला त्या दिसतात. नदीकाठी थांबल्यात. तीस पोती मीठ. मालकीण बैलांना पाणी पाजतेय.

पाहुआ : बाई, सगळं मीठ घेते. किती द्यायचे?

टिली : "काय देता?"

पाहुआ : किंमत सांगा ना.

टिली : ...

पाहुआ : टिली, ती काय म्हणते?

टिली : ती बैलाची मान खाजवतेय.

पाहुआ : हजार मोहरा! अरे, चुकलं. आधी बोलायचंच नव्हतं. आई असती तर पाय तुडवला असता माझा.

टिली : "घाटावरचं गावही हजार देतं. शिवाय त्यांच्या रस्त्यात पाटी नाही."

पाहुआ : ठीक. जून, वळव घोडा. आम्ही चाललो. नाही, जून, खरंच चाललो, मागे बघू नकोस! जाता जाता सहज विचारते. मावशी, बैल किती दिवस चालतायत?

टिली : "नऊ."

पाहुआ : आणि घाटावरचं गाव?

टिली : "आणखी पाच." ती आभाळाकडे बघते. उत्तरेला बर्फाचे ढग आहेत.

पाहुआ : बघितलं तिनं! माझं गाव अर्ध्या दिवसावर आहे, मावशी. टोल काढला म्हणून समजा.

टिली : "आज काढाल. वसंतात माझी गाडी आली की पुन्हा लावाल. तुम्ही सोनंवाली माणसं, तुमचा काय भरवसा?"

पाहुआ : बरोबर आहे तिचं. मीही ठेवला नसता. मग... मग पूलच घ्या.

टिली : काय?

पाहुआ : वेंडेल, ओरडू नकोस, चार हजाराला घेतला ते मलाही माहितेय. पूल तुमचा, मावशी. कायमचा. बाकीच्यांना टोल लावायचा तर लावा, पण गावच्या गाड्यांना नाही. आणि तीस पोती आज रात्री गावात, हजारात, आणि दरवर्षी पहिलं मीठ आम्हाला. ...आता मी गप्प बसते. जून, तूही.

टिली : ...

पाहुआ : फासा टाकायचाय का?

टिली : नको. फासा कशाला? तिनं हात पुढे केलाय.

ओपा : एक वार! दोन वार! तीन वार! गेला पूल!

टिली : ओपा, श्श! वाचनालयाच्या बाई जिन्यात आल्यात!

ओपा : येऊ देत. चाळीस वर्षांत असा सौदा पाहिला नाही.

पाहुआ : हाताला हात! जून, तीस पोती! हिवाळा निघाला! ए, तुम्ही ग्रेडीच्या टेबलावरचे ना? बघायचं तर उजेड सोडून उभे राहा, आम्हाला गाड्या पुलावरून न्यायच्यात.

टिली : पाच वाजले, पाहुआ. बाई दिवे घालवतायत.

पाहुआ : घालवू देत. गाड्या निम्म्या पुलावर आहेत, आता कसं थांबायचं?

टिली : ग्रेडीनं तुझ्यासाठी खुर्ची ठेवलीय म्हणे.

पाहुआ : ठेवलीय. त्या मीठवालीचं नाव काय?

टिली : अजून ठरवलं नाही.

पाहुआ : मग ठरव. शनिवारी भेटल्यावर तिला हाक कशी मारू?