पुरुषाचं माप

मंडळी, ऐका! टाळकरी, टाळ जरा खाली ठेवा. आज एक प्रश्न विचारतो. पुरुष पुरा आहे की अपुरा, हे ठरवायचं कशावरून? आणि ठरवायचं कुणी?

मिशी? ती न्हावी उतरवतो. छाती? ती म्हातारपणी खाली येते. मग पुरुष मनातल्या मनात कशावर हात ठेवून बसलाय, ते मी बोलू का? – बघा, पुढच्या रांगेतल्या दोघांनी धोतर सावरलं!

अहो, बसलोय कुठं आपण? महादेवाच्या देवळात. गाभाऱ्यात लिंगाला दूध घालून आलात, आणि माणसाच्या लिंगाचं नाव काढलं की माना खाली? आयाबायांनो, तुम्ही पण उठू नका. ही गोष्ट तुमचीच जास्त आहे.

तर येरळा नदीच्या काठावर एक गाव. तिथं धोंडिराम नावाचा गडी. विहिरीवरच्या मोटारी जळल्या की तांब्याची तार भरून दुरुस्त करून देणारा. अंगानं दणकट! दहा हॉर्सपॉवरची मोटार एकटा उचलून टेम्पोत ठेवायचा. स्वभाव लोण्यासारखा. आणि त्याचा दोस्त बाजीराव – ट्रॅक्टर चालवणारा, तोंडाचा फाटका, पण दोस्तीला पक्का.

बाजीरावचं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी सकाळी सगळी दोस्तमंडळी विहिरीवर पोहायला. महिना माघ. पाणी असलं गार, की दात वाजावेत! धोंडिराम पोहून वर आला, टॉवेल गुंडाळायला गेला, आणि टॉवेल निसटला. झालं! बाजीराव ओरडला – “आयला, गडी एवढा हत्तीसारखा, आणि हे बघा, शेंगदाणा!”

हसले सगळे. तुम्ही पण हसलात. हसा, हसा. आणि ऐका – धोंडिराम पण हसला! चारचौघांत ज्याला लागतं ना, मंडळी, तोच सगळ्यात मोठ्यानं हसतो. दुसरं करणार काय बिचारा?

पण नाव चिकटलं. “ए शेंगदाण्या, मोटार झाली का?” पारावर शेंगदाणा, दुकानात शेंगदाणा. आणि तो गडी आतल्या आत मिटत गेला. स्थळं यायची, हा नको म्हणायचा. आई रडायची – “धोंड्या, माझं डोळं मिटल्यावर करणार हायस का लगीन?” शेवटी आईपायी उभा राहिला बोहल्यावर.

मुलगी शेवंता. गुणाची, हसरी. लहानपणी स्टोव्हचा भडका उडून मानेपासून खांद्यापर्यंत पोळलेली. तिच्या बापानं ते आधीच सांगितलेलं, आणि धोंडिराम म्हणाला होता, “असू दे की.” एवढंच म्हणाला! चार शब्द जास्त बोलला असता तर ही कथाच झाली नसती.

लग्न झालं. पहिल्या दिवशी ह्याचं डोकं दुखलं. दुसऱ्या दिवशी मोटारीचं काम निघालं. पुढं तर काय, पिकं वाळायला लागली म्हणून लोक मोटारी घेऊन येतात, असं सांगून गडी दुकानातच पथारी टाकायला लागला. वर्ष गेलं, मंडळी! नवराबायको एका ताटात जेवायची, पण मधे जणू भिंत.

बायका पाणवठ्यावर शेवंताला विचारायच्या, “काय गं, गोड बातमी कवा?” ती पदर ओढून घ्यायची. घरात कुणी नसलं तरी मान झाकून वावरायची. तिला वाटायचं, माझं हे पोळलेलं अंग बघून ह्यांना किळस येते.

आणि गंमत ऐका! एकदा तिनं विचारलं, “अवं, तुम्हाला शेंगदाणा का म्हणत्यात?” हा म्हणाला, “मला लई आवडत्यात म्हणून.” मग काय! बाई रोज शेंगदाण्याचा लाडू करायला लागली. शेंगदाण्याची आमटी, शेंगदाण्याची पोळी, जेवणात दाण्याची चटणी. नवऱ्याचं मन जिंकायचंय ना! तिचा जीव त्या ताटात. आणि धोंडिराम एकेक घास विष गिळावा तसा गिळायचा, आणि म्हणायचा, “चांगलं झालंय.”

काय म्हणावं सांगा? दोघंही चांगली. दोघंही एकमेकांसाठी झुरतायत. आणि दोघांनाही वाटतंय, खोट माझ्यात!

पुढं जत्रा आली. जत्रेत एक तंबू, तंबूवर घोड्याचं चित्र. आत एक जण दाढीवाला तेल विकतोय. घोड्याचं चित्र कशाला, ते मला विचारू नका; घोड्याला विचारा! धोंडिरामानं गुपचूप एक घोडाछाप बाटली घेतली. चोळलं तेल. अंगाची अशी आग झाली की गडी गुरासारखा ओरडला. सूज आली, कातडं सोललं, ताप भरला. शेवंतानं ना विचारलं ना सवरलं, रिक्षात घातला आणि तालुक्याला डॉक्टर मुलाणींकडं नेला.

डॉक्टर पिकल्या केसांचे. शेवंताला बाहेर बसवलं. तपासलं, मलम लावलं, आणि विचारलं, “हे कशासाठी केलंस, धोंडिराम?”

गडी भिंतीकडं तोंड करून म्हणाला, “ल्हान हाय, डॉक्टर.”

“कोण म्हणालं?”

“बाजीराव.”

“बाजीराव डॉक्टर आहे?”

“न्हाई. ट्रॅक्टर चालवतो.”

डॉक्टर हसले नाहीत, मंडळी. हे लक्षात ठेवा. खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले. म्हणाले, “अरे, गार पाण्यात सगळ्यांचंच आकसतं. भीतीनं आकसतं. एरवी कुणाचं कमी दिसतं, कुणाचं जास्त. पण वेळेला त्यातला बराचसा फरक भरून निघतो. आणि माणूस स्वतःचं वरून खाली बघतो, दुसऱ्याचं समोरून बघतो. वरून बघितलं की आखूडच दिसणार! तुझं अगदी चारचौघांसारखं आहे. इथं रोज कुणीतरी येतो, तुझ्यासारखाच भिंतीकडं तोंड करून. बहुतेकांना काही झालेलं नसतं. कुणीतरी हसलेलं असतं, एवढंच.”

धोंडिरामच्या डोळ्यांतून धारा लागल्या. म्हणाला, “पर बायको सुखात ऱ्हाईल का माझ्यासंगं?”

“ते तिला विचार. ती बाहेरच बसलीय.”

आला बाहेर. दोघं एसटी स्टँडवर आली. बाकावर बसली. आणि शेवंताच आधी बोलली – “ती घोड्याची बाटली बघितली मी. मी आता म्हायेरीच जाते. तुम्ही दुसरी करा. माझ्याजवळ यायचं म्हणून तुम्हाला असली औषधं लावाय लागत्यात, तर मी ऱ्हाऊन काय करू?”

समोर तिच्या माहेरची गाडी लागलेली! कंडक्टर दार धरून ओरडतोय. बाई उठली. 

मोटार उचलणाऱ्या त्या गड्यानं तिच्या पदराचं टोक धरलं. भर स्टँडवर! “बस जरा, शेवंता. ऐक.” आणि सांगितलं सगळं. विहीर सांगितली, माघातलं पाणी सांगितलं, शेंगदाणा सांगितला, डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं.

शेवंता म्हणाली, “म्हंजे... माझ्या पोळलेल्या अंगापायी न्हाई?”

“कशापायी?” ह्याला कळेचना. “ते तर मी बघितलं बी न्हाई. मी माझ्यातच बुडालेलो.”

तिनं पदर मानेवरून मागं सारला. पहिल्यांदा! त्यानं बघितलं. हलक्या हातानं खांद्याला हात लावला, म्हणाला, “लई दुखलं असंल गं तवा.”

रडली बाई. रडता रडता एकदम हसायला लागली – “आणि मी मेली वर्षभर तुम्हाला शेंगदाण्याचं लाडू चारत हुते!” तोही हसला. आणि हे हसणं त्या विहिरीवरच्या हसण्यासारखं नव्हतं. माहेरची गाडी निघून गेली. दोघांनी बघितलंसुद्धा नाही.

पुढं काय? डॉक्टरांनी सांगितलं होतं, जखम भरेपर्यंत जपायचं. तेवढे दिवस दोघं नुसती बोलत राहिली. वर्षभराचं बोलणं साठलेलं! त्यानंतरचं मला विचारू नका. दार लावलेलं होतं, आणि कीर्तनकार हा दाराबाहेरचा माणूस.

पण कथा इथं संपत नाही. एक दिवस बाजीराव दुकानात आला. “काय शेंगदाण्या, काय चाललंय?”

धोंडिराम हसला नाही. हातातली तार खाली ठेवली. “बाजीराव, ते नाव मला लागतंय. पहिल्या दिवसापासनं लागतंय.”

भांडण नाही, आवाज चढवणं नाही. बाजीरावचा चेहरा उतरला. खाली बसला. जमिनीकडं बघत म्हणाला, “धोंड्या, त्या दिवशी मी आधी वरडलो... म्हटलं, सगळी तुझ्याकडं बघतील, माझ्याकडं कुणी बघायचं न्हाई. जत्रंतली ती घोड्याच्या तेलाची बाटली माझ्या घरी हाय.”

मंडळी! लग्न झालेला, पोरंबाळं असलेला बाप्या! तरी हा घोर सुटलेला नाही. धोंडिरामानं काय करावं? हसावं? हिशेब चुकता करावा? नाही हो. शटर खाली ओढलं आणि म्हणाला, “चल. डॉक्टरांकडं मी येतो संगं.”

आता मी तुमच्याकडं वळतो. बापांनो, पोरगा मोठा झाला की त्याला गाडी शिकवता, शेत शिकवता. हे कधी सांगितलंत, की बाबा, तू आहेस तसा ठीक आहेस? बायांनो, नवरा तोंड फिरवून झोपला तर दरवेळी आरशात जाऊन आपली खोट शोधू नका. विचारा त्याला. त्याचाही जीव घाबरलेला असेल.

आणि गड्यांनो! प्रत्येकाच्या ओळखीत एक जण असा आहे, ज्याला आपण कधीतरी हसून एक नाव ठेवलं. उंचीवरून, रंगावरून, बोबड्या बोलण्यावरून. तोही आपल्याबरोबर हसला, म्हणून आपल्याला वाटलं, त्याला चाललं. तो आज इथंच बसला असेल. कदाचित तुमच्या शेजारी. आरती झाली, प्रसाद घेतला, की चपला शोधायच्या आधी त्याच्याजवळ जा. खांद्यावर हात ठेवा. आणि त्याच्या आईनं ठेवलेल्या नावानं त्याला एकदा हाक मारा.